इन्फ्युजन पंपवर आकडे टाकताना

अगं, पंपाला घाबरू नकोस, शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणारं यंत्र आहे ते. सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- रेट (तासाला किती मिली जाणार) वेगळा, व्हॉल्यूम (एकूण किती मिली जाणार) वेगळा. कर्सर कुठे आहे ते बघूनच आकडा दाब. नव्या मुलींची इथेच गल्लत होते.
- दशांशाचं बटण नीट दाबलं गेलं नाही, तर 5.5 चे 55 होतात. म्हणजे दहापट औषध! बटणाच्या आवाजावर विसंबू नकोस. स्टार्ट करण्याआधी स्क्रीनवरचा आकडा ऑर्डरशी ताडून मोठ्याने वाच. कुणी हसलं तर हसू दे.
- कागदावर 0.5 लिही, नुसतं .5 नको. आणि 5.0 तर नकोच, नुसतं 5.

औषधाचं नाव एकेक अक्षर दाबत बसण्यापेक्षा यादीतून निवड. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध), इन्सुलिन असेल तर दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय सुरू करायचं नाही, कितीही घाई असो. डोस-लिमिटच्या सेटिंग्ज नंतर शिकवते.