वडिलांना मधुमेह आणि नैराश्य दोन्ही आहे. वनस्पतींपासून मिळणारी अँटिऑक्सिडंट्स अशा नैराश्यावर उपयोगी पडतात असं वाचलं. ती सुरू केली तर नैराश्याची गोळी बंद करता येईल का?

गोळी बंद करू नका. अचानक थांबवली तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होऊ शकते आणि आजारही उलटू शकतो.

तुम्ही जे वाचलंत ते खोटं मात्र नाही. मी औषधशास्त्र शिकवते आणि या संशोधनाकडे आशेनेच बघते. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं, आणि त्याला केवळ पथ्यपाण्याचा कंटाळा कारणीभूत नसतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो जवळपास २० टक्के. साखर सतत चढी राहिली की फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, जास्त तयार होतात, त्यांना आवरणारी यंत्रणा तोकडी पडते, दाह वाढतो. मेंदूतल्या, स्मृती आणि भावनांशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाला याची झळ लागते. अँटिऑक्सिडंट्स या रॅडिकल्सना आवरतात. हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, द्राक्षांतलं रेस्व्हेराट्रॉल यांच्याकडे संशोधक वळले ते यामुळेच.

पण पुरावा बहुतेकदा कुठून येतो तेही बघा. उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचतात. ते स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं. पुढे त्याला पाण्याने भरलेल्या उंच भांड्यात सोडतात. बाहेर पडायला वाट नसते. तो हातपाय मारतो, मग कधीतरी नुसताच तरंगत राहतो. हा तरंगण्याचा वेळ औषधाने कमी झाला की शोधनिबंधात ‘नैराश्यरोधी परिणाम’ असं लिहितात. नवे रेणू चाळून बघायला ही चाचणी कामाची आहे. पण त्या उंदराचा मधुमेह एका इंजेक्शनने आलेला, काही आठवड्यांचा. वडिलांचं दुखणं त्याहून कितीतरी गुंतागुंतीचं. नैराश्यासाठी कर्क्युमिनच्या छोट्या चाचण्या माणसांवरही झाल्या आहेत, काहींत थोडा फायदा दिसला. तेवढ्यावर चालू उपचार सोडावेत असं मला अजिबात वाटत नाही.

कॅप्सूल निरुपद्रवी असतात असंही नाही. कर्क्युमिन आतड्यातून फार थोडं शोषलं जातं, म्हणून त्यात बऱ्याचदा मिऱ्यातलं पिपरिन घालतात. पिपरिन औषधं मोडणाऱ्या एन्झाइम्सना मंदावतं, त्यामुळे दुसऱ्या गोळ्यांची रक्तातली पातळी वाढू शकते. कर्क्युमिनच्या अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. आणि सेंट जॉन्स वर्ट ही नैराश्यासाठी घेतली जाणारी वनौषधी तर नैराश्याच्या गोळीसोबत चुकूनही नको. मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. काहीही सुरू करण्याआधी डबीच डॉक्टरांसमोर ठेवा.

वडील मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं घेत असतील तर बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी झालं तरी थकवा आणि उदासी येते, आणि भरून काढणं सोपं असतं. थायरॉइडही बघा. गोळीने पुरेसा फरक पडत नसेल तर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात, जोडीला समुपदेशन सुचवू शकतात. त्यांच्याशी हे स्पष्ट बोला. आणि ‘आता जगून काय करायचं’ असं काही वडील बोलले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.