बुफे की बसून जेवण?
मेनू नंतर ठरव, आधी पाहुण्यांची यादी नीट बघ. वयस्कर माणसं आणि लहान मुलं जास्त असतील तर बसवून वाढणंच बरं. हातात ताट धरून रांगेत उभं राहणं त्यांना जड जातं. मात्र बसवून वाढायला वाढपी जास्त लागतात, आणि तो खर्च केटररच्या पहिल्या अंदाजात धरलेला असेलच असं नाही. त्यालाच स्पष्ट विचारून घे.

बुफे घेतलास तर टेबल भिंतीला चिकटवू देऊ नकोस. दोन्ही बाजूंनी वाढून घेता आलं की रांग भराभर सरकते. पाणी आणि गोड पदार्थ वेगळ्या टेबलावर. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवेत, तेव्हा भांड्यांखाली बर्नर आहेत ना, हे स्वतः बघ. आणि पाहुण्यांची पक्की संख्या कळवायची शेवटची तारीख आजच विचारून घे.