गोव्यात वादळ येऊन दोन-तीन दिवस वीज गेली, तर घरात काय तयारी हवी?

आधी पाण्याचं बघा. मे २०२१ च्या तौक्ते वादळात डिचोलीकडच्या आमच्या वाड्यावर तिसऱ्या दिवशी वीज आली. अंधार सोसला, पण विहीर भरलेली असून पंप बंद, हे फार जड गेलं. म्हणून इशारा आला की टाकी, बादल्या, कळश्या सगळं भरा. विहिरीला रहाट नसेल तर दोर आणि कळशी तरी घरात हवीच. पिण्याचं पाणी उकळून वेगळं ठेवा.

घराजवळ माड असेल तर पावसाळ्याआधीच पाडेल्याकडून नारळ आणि सुकलेली चुडतां (झावळ्या) उतरवून घ्या. आपल्याकडे विजेच्या तारा बहुतेक झाडं पडूनच तुटतात. तुटलेल्या तारेला किंवा तिच्यावर पडलेल्या फांदीला अजिबात हात लावू नका, वीज गेलेली असली तरी. वीज खात्याच्या १९१२ नंबरवर कळवा, जिवावर बेतलं तर ११२.

फ्रिज उघडला नाही तर साधारण चार तास थंड राहतो. त्यानंतर मासळी राखण्याचा मोह नको, आधीच शिजवून संपवा. उकडे तांदूळ, लोणचं, सुके बांगडे आणि भरलेला गॅस सिलिंडर असला की पेजेवर दिवस निघतात.

बॅटरी, पॉवर बँक, रोजची औषधं हाताशी ठेवा. घरात इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर बर्फाची सोय आधी करा, पण इन्सुलिन थेट बर्फावर ठेवू नका, गोठलं की ते वाया जातं. जनरेटर असेल तर बाहेर उघड्यावरच चालवा, बाल्कनीतसुद्धा नको. त्याचा धूर जीव घेतो.