कूलंट रंगावरून निवडावे काय?

प्रश्न : माझी पेट्रोल मोटार आठ वर्षांची आहे. एरवी ती कोल्हापुरातच फिरते, पण अधूनमधून आंबा घाटाने रत्नागिरीला जाणे होते. परतीच्या वेळी साखरप्यानंतरचा चढ लागला की तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर जातो आणि टाकीतील कूलंटही (इंजिन थंड ठेवणारा द्रव) थोडे उतरलेले दिसते. सध्या त्यात हिरवे कूलंट आहे. उद्यमनगरातील एका दुकानदाराने गुलाबी अधिक चांगले असे सांगितले, गॅरेजवाले हिरव्यातच भर घाला म्हणतात, तर आमच्या काकांच्या मते कोल्हापुरात बर्फ पडत नसल्यामुळे साधे पाणी पुरेसे आहे. यांपैकी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : काकांचे म्हणणे आधी पाहू, कारण हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल पाणी गोठू देत नाही हे खरे. पण कोल्हापूरकरांना त्याचा उपयोग दुसऱ्या बाजूने होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरील आपल्या शहरात साधे पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, तर पाणी व ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावरही १०५ अंशांच्या पुढे टिकते, आणि रेडिएटरच्या झाकणाने राखलेल्या दाबाखाली दोहोंची ही मर्यादा आणखी वर जाते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कूलंटमधील गंजरोधक रसायने. आजच्या इंजिनाचे हेड आणि रेडिएटर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि नुसत्या पाण्याने ते आतून झिजत जातात. त्यात पाणी बोअरचे असेल, तर गीझरच्या कॉइलवर धरतो तसाच पांढरा थर इंजिनाच्या आतील वाटांवर धरतो.

आता रंगाविषयी. रंग हा केवळ ओळखीसाठी घातलेला असतो आणि सर्व कंपन्यांना बंधनकारक असा त्याचा कोणताही नियम नाही. टोयोटाचे दीर्घकाळ टिकणारे कूलंट गुलाबी आहे आणि होंडाचे निळे. तरीही दोन्हींतील गंजरोधके सेंद्रिय आम्ले व फॉस्फेट यांवर आधारलेली आहेत. उलट फोक्सवॅगनच्या ‘जी १३’ या गुलाबी-जांभळ्या कूलंटमध्ये फॉस्फेट नसते. म्हणजे दोन निराळ्या रंगांची कूलंट एका जातीची, आणि जवळपास एकाच रंगाची दोन निराळ्या जातींची! जुन्या पद्धतीचे, सिलिकेट किंवा फॉस्फेट असलेले कूलंट बहुधा हिरवे असे आणि ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागे. सेंद्रिय आम्लांचे कूलंट पाच वर्षे किंवा अधिक काळ टिकते. तथापि हिरव्या रंगाचे दीर्घायुषी कूलंटही बाजारात मिळत असल्याने, आपल्या टाकीतील हिरवे कूलंट कोणते आहे हे पाहून सांगता येणार नाही.

म्हणून गाडीसोबत आलेली पुस्तिका उघडावी, तीत कूलंटचा जो प्रकार किंवा मानक दिले असेल ते टिपून घ्यावे आणि तेच डब्याच्या मागील मजकुरात शोधावे. ‘सर्व गाड्यांसाठी’ एवढेच छापलेल्या डब्यापेक्षा मानकाचा स्पष्ट उल्लेख असलेला डबा मी घेईन, चार पैसे जास्त पडले तरी. आधीचे कूलंट कोणते होते याची नोंद नसेल, तर भर न घालता संपूर्ण यंत्रणा रिकामी करून धुऊन घ्यावी. दोन जाती मिसळल्या की निदान गंजरोधकांचे आयुष्य घटते आणि काही वेळा गाळही धरतो. ‘रेडी मिक्स’, म्हणजे आधीच पाणी मिसळलेल्या, कूलंटमध्ये पाणी घालू नये. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले) असेल तर पुस्तिकेतील प्रमाणात, सहसा निम्मे-निम्मे, डिस्टिल्ड वॉटर मिसळावे. कॉन्सन्ट्रेट तसेच ओतल्याने इंजिन अधिक थंड राहत नाही, उलट तापते, कारण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

मात्र आपल्या पत्रातील खरी काळजीची बाब निवडीची नाही. बंद यंत्रणेतील कूलंट वारंवार उतरत असेल, तर ते कोठून तरी बाहेर जात आहे. होज पाइपचे जोड, वॉटर पंप, रेडिएटर आणि त्याचे झाकण यांची दाब देऊन तपासणी करून घ्यावी; सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असल्यास हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिन यांमधील सील, गेल्याची शंका घ्यावी. थर्मोस्टॅट आणि पंखाही त्याच वेळी पाहून घ्यावा. हे होईपर्यंत घाटात काटा चढू लागल्यास एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी आणि इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज झाकणाला हात लावू नये.

प्रश्न : काढलेले जुने कूलंट गटारात ओतले तर चालते का?
— एक वाचक, उचगाव

उत्तर : नाही. ते विषारी असून चवीला गोड असल्यामुळे कुत्री ते चाटतात, आणि शहरातील नाल्यांचे पाणी शेवटी पंचगंगेलाच मिळते. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवून ते गॅरेजकडे द्यावे. जुन्या ऑइलमध्ये मात्र मिसळू नये.