चरबीच्या फुग्यात कोंडलेलं टेक्नेशियम

प्रश्न : लायपोसोममध्ये औषध भरून देतात हे माहीत होतं, पण त्यात रेडिओअ‍ॅक्टिव्ह पदार्थ भरून स्कॅन करतात असं वाचलं. एवढ्याशा फुग्यात तो भरतात कसा, आणि वाटेत गळत नाही का?

उत्तर : गळत नाही का हे विचारलंत ते बरं केलंत, सगळी गंमत तिथेच आहे. आधी फुगा काय आहे ते बघू. फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि शेपट्या पाण्यापासून पळतात, म्हणून पाण्यात टाकलं की हे रेणू आपसूकच शेपटीला शेपटी लावून दुहेरी भिंत करतात आणि ती भिंत गोल मिटते, आत पाणी बाहेर पाणी. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगम यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे बघितलं. स्कॅनसाठी वापरतात ते साधारण १०० नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीत शेजारी शेजारी सात-आठशे सहज बसतील.

आता भरायचं कसं? यात भरायचा रेडिओअ‍ॅक्टिव्ह पदार्थ म्हणजे टेक्नेशियम-९९एम, आणि ते दर ६ तासांनी अर्धं होतं, म्हणजे फॅक्टरीत भरून बाटल्या पाठवायच्या म्हटलं तर पोचेपर्यंत निम्मा माल गेलेला. म्हणून लायपोसोम आधीच करून ठेवतात आणि करतानाच त्यांच्या पोटात ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा रेणू भरून ठेवतात. मग स्कॅनच्या दिवशी जनरेटरमधून, म्हणजे टेक्नेशियम तयार होत राहतं अशा पेटीतून, ताजं टेक्नेशियम काढायचं, ते एचएमपीएओ नावाच्या रेणूला जोडायचं आणि लायपोसोमच्या कुपीत सोडायचं, बस. ही जोडी चरबीत विरघळणारी असते त्यामुळे भिंतीतून सरळ आत घुसते, पण आत ग्लुटाथायोन तिचं रूप पालटतं, ती पाण्यात रमणारी होते आणि मग तीच भिंत तिला आडवी येते. अभिमन्यूच की! आत शिरायचं माहीत, बाहेर पडायचं नाही. मला तर नुसत्या कुपीत, कसलंही मशिन न लावता होणारा हा प्रकार अजूनही जादूसारखा वाटतो. जे आत गेलं नाही ते कॉलममधून, म्हणजे गाळणीसारख्या नळीतून, वेगळं काढतात, आणि ते नीट काढलं नाही किंवा लेबलिंगच फसलं तर फोटोच चुगली करतो : सुटं परटेक्नेटेट, म्हणजे एचएमपीएओला न जोडलेलं टेक्नेशियम, थायरॉइड आणि जठरात जमतं, तिथे नको ते डाग दिसायला लागतात.

प्रश्न : पण हे फुगे बरोबर कॅन्सरच्या गाठीकडेच कसे जातात? त्यांना पत्ता कोण सांगतं?

उत्तर : कोणी नाही सांगत हो. साधे लायपोसोम सोडले तर लिव्हर आणि प्लीहा त्यांना कचरा समजून उचलतात, तिथल्या मॅक्रोफेज पेशींचं कामच ते, आणि अंगातून येणारे किरण टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्यावर पेशंटच्या उजव्या बाजूला लिव्हर नि डाव्या बाजूला प्लीहा असे दोन चमकते गोळे दिसतात, बाकी सगळं फिकं. यावर उपाय म्हणून लायपोसोमवर पेग नावाच्या पॉलिमरची झालर लावतात, मग ते लवकर ओळखू येत नाहीत आणि तासाऐवजी दिवसांच्या हिशेबाने रक्तात फिरत राहतात. आणि बऱ्याच ट्यूमरच्या रक्तवाहिन्या घाईत बांधल्यासारख्या, भोकं राहिलेल्या असतात, त्यातून हे फुगे हळूहळू पाझरतात आणि तिथेच अडकून पडतात. म्हणजे पत्ता वगैरे काही नाही, नुसतं पुन्हापुन्हा त्याच गल्लीतून जात राहायचं.

पण पाझरायला दिवस-दोन दिवस लागणार, तोवर टेक्नेशियम संपत आलेलं. इथे घड्याळ जुळवावं लागतं. म्हणून इंडियम-१११ हा जास्त टिकणारा रेडिओअ‍ॅक्टिव्ह पदार्थ घेतात, त्याचं अर्धायुष्य २.८ दिवस. पेट स्कॅन करायचा तर कॉपर-६४ चे १२.७ तास, किंवा झिर्कोनियम-८९ चे तीन दिवसांहून थोडे जास्त. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅन्सर त्याच जागी बराच वाढलेल्या १७ पेशंटना असे इंडियमचे पेग लावलेले लायपोसोम दिले, त्यातल्या १५ जणांच्या गाठी फोटोत दिसल्या. पण सगळ्या सारख्या नाहीत, डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये भरपूर जमले आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्या मानाने कितीतरी कमी.

माझ्या मते या सगळ्याचा खरा उपयोग हाच. नुसती गाठ शोधायला इतर स्कॅन आहेतच, आणि ते सोपेही आहेत. पण लायपोसोममधलं डॉक्सोरुबिसिन हे १९९५ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त असलेलं कॅन्सरचं औषध आहे, ते द्यायच्या आधी तसेच फुगे लेबल करून सोडले आणि गाठीत पोचलेच नाहीत असं दिसलं, तर त्या पेशंटला ते औषध कशाला द्यायचं?

प्रश्न : मग वडिलांच्या स्कॅनसाठी डॉक्टरांना हेच करा म्हणून सांगू का?

उत्तर : नको. हे अजून बहुतेक रिसर्चमध्येच आहे, रोजच्या स्कॅनमध्ये नाही. शिवाय जास्त वेळ अंगात फिरणार म्हणजे लिव्हर-प्लीहेला रेडिएशनही जास्त, आणि काहींना लायपोसोम शिरेत जायला लागल्यावर पहिल्या काही मिनिटांतच चेहरा लाल होणं, छाती आवळणं असा त्रास होतो, तेव्हा थांबवून मग हळू द्यावं लागतं. डॉक्टरांनी जो स्कॅन लिहून दिलाय तो करा, आणि विचारायचंच असेल तर त्यात कुठला आयसोटोप (रेडिओअ‍ॅक्टिव्ह पदार्थ) वापरणार आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर किती तास लांब राहायचं, ते विचारा.