सेवाग्राम एक्स्प्रेसने वाइन चाखायला

प्रश्न: ताई नमस्कार. मी नागपूरची, वय ३४, मिहानमध्ये नोकरी. बाबा जाऊन चार वर्षं झाली, आई मनीषनगरला खालच्या मजल्यावर असते, मी वर. आई रिटायर्ड शिक्षिका, ६५ वर्षांची, माहेर काटोलकडचं, त्यांची संत्र्याची बाग होती. मागच्या महिन्यात टीव्हीवर नाशिकच्या द्राक्षबागांचं काहीतरी चालू होतं, तर आई भाजी निवडता निवडता म्हणते, "मला एकदा पाहायचंय गं हे, आणि ती वाइन नेमकी लागते कशी तेही पाहू एकदा." मी नुसती पाहतच राहिली! आमच्या घरात आजोबा माळकरी, दारूचा विषयच नाही कधी. आता मी तीन दिवसांचं प्लॅनिंग करून राहिली पण डोक्याचा भुगा झाला. कधी जायचं, गाडीने की ट्रेनने, आईला बीपी आहे, शुगरची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात. दादा म्हणतो आईला घेऊन असल्या जागी काऊन जायचं? आणि आई म्हणते मामाला सांगू शिर्डीला चाललो. मला काही ते पटत नाही. सांगा काहीतरी. (एक वाचक, मनीषनगर)

उत्तर: अगं पहिले तर आईला माझा नमस्कार सांग. भाजी निवडता निवडता अशी इच्छा बोलून दाखवायला किती वर्षं लागली असतील कोण जाणे.

मामापासून सुरुवात करते कारण ते सोपं आहे. शिर्डी सांगू नका. शिर्डी सांगितलं की मामा उदी मागणार, मामी प्रसाद मागणार, मग तुम्ही परतीत खरंच शिर्डीला वाकडी वाट करणार आणि आईचे गुडघे रांगेत जाणार. "नाशिकला चाललो, द्राक्षबाग पाहायला" एवढं सांगा, ते खरंच आहे. पुढचं सांगायचं की नाही ते आईचं आई ठरवेल, तिचा भाऊ आहे तो, तू मध्ये पडू नको. त्र्यंबकेश्वर नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर आहे, आईला जायचं असेल तर एक सकाळ तिकडे द्या, पण मामाला दाखवायला म्हणून नको, आणि वाइनरीच्या दिवशी तर नकोच.

दादाला म्हणावं "असल्या जागी" म्हणजे कसल्या? त्याच्या डोळ्यासमोर वर्धा रोडवरचा बार असेल. वाइनरी म्हणजे शेत आणि शेताला लागून कारखाना. दुपारी लोक लेकरंबाळं घेऊन येतात, लेकरं पिझ्झा खातात. आणि दादाला हेही सांग की नाशिकच्या सुला वाइनरीचं नाव कुठून आलं. राजीव सामंत म्हणून स्टॅनफर्डला शिकलेला माणूस १९९०च्या दशकात नाशिकजवळच्या घरच्या जमिनीवर आला, वाइनची द्राक्षं लावली, २००० साली वाइनरी सुरू केली, आणि नाव दिलं आईच्या नावावरून, आईचं नाव सुलभा. त्याने आईचं नाव बाटलीवर छापलं तर तुझ्या दादाला आईला तिथे नेऊन दाखवायला काय हरकत आहे?

आता कधी जायचं. द्राक्षं तोडायचा हंगाम ढोबळमानाने जानेवारी ते मार्च, तेव्हाच जा, कारण तेव्हा घड वेलीवर असतात आणि आत क्रशिंगही, म्हणजे द्राक्षं चिरडून रस काढणं, चालू असतं. मेमध्ये गेलात तर खरड छाटणीनंतरचा नुसता पाला दिसेल आणि पावसाळ्यात डोंगर हिरवेगार पण द्राक्ष एक नाही. संक्रांत ते रथसप्तमी आईची हळदीकुंकवं असणार, तेव्हा तिला हलवू नको, ती येणार नाही आणि आली तरी जीव वाणात अडकलेला. रथसप्तमी झाली की निघा. एक मात्र पाहून घे, फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिकडे सुलाफेस्ट नावाचा गाण्याबजावण्याचा मोठा जत्रा-प्रकार होत असतो, ते दोनतीन दिवस टाळ, हॉटेलं महाग आणि आईला तो धडधडाट झेपणार नाही. शनिवार-रविवारही टाळ. मंगळवार-बुधवार उत्तम.

गाडी की ट्रेन, यात माझं मत ट्रेन. समृद्धीने जाता येतं, शिवमडक्याला चढलं की शिर्डीपर्यंत ५२० किलोमीटर, डिसेंबर २०२२ पासून तो भाग सुरू आहे, पुढे नाशिक आणखी ऐंशी-नव्वद, आणि पोट्टे सांगतात सात तासात पोचलो म्हणून. पण ६५ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला त्या सरळसोट रस्त्यावर दर दीड तासाने उतरायला लागतं आणि तिथे सोयी लांबलांब, त्यात चालवणारी तू एकटी. शिवाय वाइनरीत गेल्यावर तू चाखणार की गाडी चालवणार? चाखून गाडी चालवायची नाही, एक घोट म्हणून पण नाही. त्यापेक्षा रात्रीची सेवाग्राम एक्स्प्रेस धर, सेकंड एसी, आईला लोअर बर्थ, साडेसहाशे किलोमीटर झोपेत जातात आणि सकाळी चहाच्या वेळी नाशिकरोड. विदर्भ एक्स्प्रेस पण आहे पण ती भल्या पहाटे उतरवते, थंडीत आईला घेऊन स्टेशनवर बसायचं म्हणजे कठीण. (गांधीजींच्या गावाचं नाव असलेल्या गाडीने वाइन चाखायला जायचं, हे आईला सांग, शिक्षिका आहे, ती हसेल.) नाशिकला दिवसभराची टॅक्सी ड्रायव्हरसकट करा, त्यात कंजूषी नको.

उतरल्या उतरल्या वाइनरी नाही. पहिला दिवस आराम, संध्याकाळी गोदाघाट. दुसऱ्या दिवशी एकच वाइनरी. एकच गं! सगळे तीनतीन करतात आणि तिसरीत कोणाला काही कळत नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा अशा जवळजवळ आहेत, इगतपुरीकडे वलोन आणि ग्रोव्हर झाम्पा. गर्दी चालत असेल तर सुला, शांत हवं तर दुसरी कोणती. आधी फोन करून टूरची वेळ घे आणि पायऱ्या किती, बसायला खुर्ची आहे का हे विचार, टेस्टिंग पुष्कळ ठिकाणी उभ्याने काउंटरवर असतं.

आता मुख्य गोष्ट, जी तू प्रश्नात एका ओळीत उरकली. संत्र्याची बाग! तुझी आई वाइन चाखायला नाही, बाग पाहायला चालली आहे, वाइन हे निमित्त. बागेतली पोर आहे ती. आंबिया बहाराला, म्हणजे संत्र्याच्या फुलोऱ्याला, ताण कधी द्यायचा, पाणी कधी तोडायचं, डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) लागला की खोडाला बोर्डोपेस्टचा लेप कसा लावायचा, हे घरात ऐकत मोठी झाली असणार. तिला द्राक्षवाल्याशी बोलायला काही शिकवावं लागणार नाही. संत्र्याला आपण ताण देऊन बहार धरतो, द्राक्षाला कात्री लावून धरतात. वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी, आणि पीक एकच. संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावर, तसं द्राक्षाचं डॉगरिजच्या खुंटावर. आपल्याकडे डिंक्या तर त्यांच्याकडे भुरी आणि डावणी हे रोग. हे सगळं टूरवाला पोरगा कदाचित सांगणार नाही, त्याला पाठ केलेलं असतं तेवढंच येतं, म्हणून बागेत काम करणारं कोणी दिसलं तर आईला तिथे सोड आणि तू पाच मिनिटं गप्प उभी राहा.

आणि वाइनच्या द्राक्षाचा एक दाणा तिला खायला मिळतो का पाहा, विचारून हं. ती म्हणेल हे काय, एवढुसं, साल जाड, आत बिया! बाजारातल्या थॉमसन जातीच्या खायच्या द्राक्षाला जीए नावाचं संजीवक मारून मणी फुगवतात, इथे उलट, मणी लहान असलेलाच बरा, कारण रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. रस पांढराच असतो बहुतेक द्राक्षांचा, काळ्या द्राक्षाची साल लगेच काढली तर त्याचीही पांढरी वाइन होते. एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्ष लागतं, हा हिशेब आई मनात करेलच आणि मग बाटलीची किंमत पाहून शेतकऱ्याला किती मिळाले हे विचारेल, लिहून ठेव.

टेस्टिंगला पाचसहा प्रकार देतात, प्रत्येकाचा साधारण तीस एमएल. थोडं वाटतं, पण सहा घोट म्हणजे १८० एमएल, वाइनमध्ये अल्कोहोल १२-१३ टक्के धर, तर पोटात २२-२३ एमएल शुद्ध अल्कोहोल जातं, आणि व्हिस्कीच्या साठच्या पेगात २५-२६ असतं. म्हणजे कधी न पिणाऱ्या बाईला आपण जवळजवळ एक मोठा पेग देतोय, तेही अर्ध्या तासात. म्हणून एक टेस्टिंग दोघींत घे. आईने ओठ ओले केले तरी पुरे, उरलेलं ओतायला तिथे भांडं असतं, तोंडातलं थुंकलं तरी कोणी वाईट मानत नाही, जाणकार लोक तेच करतात. त्याआधी जेवण पाहिजे, साधं, वरण-भात पोळी. नाशिकची मिसळ नंतर, आधी मिसळ खाल्ली तर जिभेला तिखटाशिवाय काही समजणार नाही, आपल्या तर्री पोह्यांचंही तेच.

गोळ्यांचं मी सांगणार नाही, ते आईच्या डॉक्टरला विचार, निघायच्या आधी, आणि गोळ्यांची नावं दाखवून विचार. मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) आणि दारू हे जास्त प्रमाणात वाईट जमतं, शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्यांवर उपाशीपोटी घेतली तर शुगर भलतीच खाली जाते, बीपीच्या गोळीवर उठताना चक्कर येऊ शकते. डॉक्टर नको म्हणाले तर नको. मग आईने फक्त वास घ्यायचा, आणि खरं सांगू का, वाइनमधली निम्मी मजा वासातच आहे आणि ज्या बाईने आयुष्यभर संत्र्याची साल दाबून फळ ताजं की शिळं सांगितलं तिचं नाक तुझ्यापेक्षा चांगलं असणार. सोविन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनला कापलेल्या गवताचा, ढोबळी मिरचीचा वास येतो का विचार तिला. शिराझ ही रेड वाइन घेतली की जीभ कोरडी पडते, जांभळं खाल्ल्यावर पडते तशी, तो तुरटपणा. तिला आवडेल ती बहुधा लेट हार्वेस्ट, द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून केलेली गोड वाइन. आणि नाहीच आवडली काही तर? तर नाही आवडली. "शी, आंबट आहे" म्हणाली तर पैसे वाया गेले असं तोंड करू नको.

प्रश्न: माझ्या वडिलांना (वय ७०) घेऊन जायचं म्हणतो, पण त्यांना खर्रा लागतो दिवसातून पाचसहा वेळा. चालेल का? (एक वाचक, महाल)

उत्तर: थुंकायचा सराव आहे हे एक बरं झालं. बाकी काही चालणार नाही भाऊ. तंबाखू, चुना आणि सुपारीने जीभ बधिर झालेली, त्यावर शेनिन ब्लांसारखी पांढरी वाइन काय आणि पाणी काय. सकाळपासून बंद ठेवता आला तर त्यांना न्या, नाहीतर बागेत फिरवून आणा आणि टेस्टिंगचे पैसे वाचवा. सेलरमध्ये, म्हणजे वाइन साठवतात त्या खोलीत, खर्रा तोंडात ठेवून जाऊ देऊ नका, लाज तुमची जाईल. आणि त्यांचं तोंड एकदा डॉक्टरला दाखवून घ्या, वाइन राहू द्या, हे आधी.

प्रश्न: नाशिकहून परत येताना चारपाच बाटल्या आणल्या तर? मित्रांनी मागितल्या आहेत. (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर: ट्रेनने या की समृद्धीने, नागपूरच्या अलीकडे वर्धा जिल्हा लागतो आणि वर्ध्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. चंद्रपूरची २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली, ते लोकांच्या डोक्यात असतं म्हणून वर्ध्याचीही उठली असं पुष्कळांना वाटतं, उठलेली नाही. एक बिल दाखवून सुटू असं समजू नका, गाडी चेक झाली आणि डिक्कीत पाच बाटल्या निघाल्या तर सोबत बसलेल्यांसमोर तुम्ही पोलिसाला काय काय समजावणार? नाशिकच्या मोठ्या कंपन्यांच्या वाइन नागपुरात वाइन शॉपमध्ये मिळतात. मित्रांना दुकानाचा पत्ता द्या, आणि नाशिकहून आणायचंच असेल तर मनुका आणा, चिवडा आणा.