अटॅकनंतर वडिलांना कार्डिओजेनिक शॉक (हृदयाचं पंपिंग कमी पडून बीपी कोसळणं) आलाय. बलून पंप लावावा का? नाशिकहून मुंबईला हलवावं का?

मुंबईचं वाचलं आणि राहवलं नाही, आमच्या अण्णांच्या वेळी हाच तमाशा झालाय.

पहाटे छातीत दुखायला लागलं, दाजी म्हणाले पित्त आहे, ईनो पाजलं, त्यात दोन तास गेले. इथे नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा वरचं बीपी ७०, बनियन घामाने चिंब आणि तळपाय माठासारखे गार. तिथेही दाजी सिस्टरवर ओरडतायत, बीपी कमी आहे तर सलाईन का लावत नाही! अहो, विहिरीला पाणी आहे, मोटर उचलत नाहीये, वरून ओतलेलं फुफ्फुसात साचणार. डॉक्टरांनी बीपी वाढवायचं औषध, नॉरअ‍ॅड्रिनलिन, चालू केलं आणि थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, नेऊन हृदयाची बंद नस उघडली. बाकी दोन ब्लॉकेजना हात लावला नाही तर दाजी म्हणे काम अर्धवट केलं. २०१७ च्या कल्प्रिट-शॉक ट्रायलमध्ये हेच दिसलंय, शॉकमध्ये आधी जिने घात केला तेवढीच नस उघडलेली बरी.

मग टुमणं, मुंबईला हलवा. अ‍ॅम्ब्युलन्स बोलावूनसुद्धा झाली. नस इथे उघडलीय, कसारा घाटात ड्रिपचा पंप बंद पडला तर काय करणार होते? मी सही केली नाही. किडनीला रक्त पोचतंय का हे लघवीवरून कळतं, म्हणून रात्रभर युरिन बॅग बघत बसलो, तासाला जेमतेम १० मिली, पहाटे सिस्टर म्हणाली ४० झाली बघा, तेव्हा कुठे चहा घशाखाली उतरला. दाजी अजून प्रत्येक लग्नात सांगतात की मुंबईला नेलं असतं तर हार्ट एवढं वीक राहिलं नसतं. ते दोन तास मात्र त्यांना आठवत नाहीत.

हां, बलून पंप, म्हणजे हृदयाला मदत म्हणून महाधमनीत नळीने घालतात तो फुगा. २०१२ मध्ये ६०० पेशंटवर ट्रायल झाली, पंप लावा न लावा, महिन्याभरातले मृत्यू जवळपास सारखेच. सरसकट लावण्यात अर्थ नाही. इम्पेलाने (नळीने थेट हृदयात बसवायचा छोटा पंप) २०२४ च्या ट्रायलमध्ये मृत्यू कमी झाले, पण निवडक पेशंटमध्ये, आणि ब्लीडिंग, पायाचा रक्तपुरवठा अडकणं हे वाढलं. खर्च लाखांत.

तुमच्याकडे नस उघडायची सोयच नसेल तर मात्र ताबडतोब हलवा, नाशिकमध्येच कॅथलॅब आहेत. इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाची झडप फाटलीय किंवा आतल्या पडद्याला भोक पडलंय असं निघालं तर गोष्ट वेगळी, तिथे सर्जन लागतो आणि तोवर बलूनही लावतात. आणि अटॅक हृदयाच्या उजव्या बाजूचा असेल तर थोडं सलाईन देतातसुद्धा, हे आमच्या दाजींना कळू देऊ नका.